गाडी निवताना

वाईहून पसरणीचा घाट चढून आलेली मोटार पाचगणीत सावलीला लागते आणि इंजिन बंद होते. दोन-चार क्षण काहीच ऐकू येत नाही. मग बॉनेटखालून आणि गाडीच्या पोटाखालून टिकटिक सुरू होते. पहिल्या दोन-तीन मिनिटांत ती इतकी दाट असते, की ठोके वेगळे काढता येत नाहीत. हळूहळू त्यांत अंतर पडते, आणि अर्ध्या-पाऊण तासाने कान देऊन बसलेल्यालाही एखादाच चुकार ठोका मिळतो. मधल्या वेळात पुढचा पंखा कोणी न सांगता फिरू लागतो आणि थांबतो, डॅशबोर्डच्या मागे काहीतरी गुडगुडते, खाली जमिनीवर पाणी ठिबकते. नवी गाडी घेतलेले कुटुंब पहिल्याच सहलीत हे सगळे ऐकून गाडीभोवती दोन फेऱ्या मारते. यातले बहुतेक आवाज धडधाकट गाडीचे असतात, थोडे नसतात. ते वेगळे ओळखायचे तर आवाज केवढा आहे यापेक्षा तो कुठून आला आणि गाडी थांबल्यावर किती वेळाने आला, हे पाहावे लागते.

आखडणारे लोखंड

धातू तापला की वाढतो आणि निवला की आखडतो. पोलादाचा एक मीटर लांबीचा पाइप तीनशे अंशांनी तापला तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांब होतो. बीड त्याहून किंचित कमी वाढते, स्टेनलेस स्टीलचे काही प्रकार जवळजवळ दीडपट वाढतात आणि अल्युमिनियम दुप्पट. गाडीत हे सगळे धातू एकमेकांना बोल्टने, वेल्डिंगने, क्लँपने जखडलेले असतात. गाडी गरम होताना सगळे वाढतात, पण सारखे वाढत नाहीत. निवताना सगळे आखडतात, पण एकाच वेळी आखडत नाहीत. पातळ पत्रा आधी निवतो, जाड बीड मागाहून.

तरीही धातू आखडला एवढ्याने आवाज होत नाही. आवाज होतो तो अडल्यामुळे. बोल्टच्या डोक्याखाली दाबलेला पत्रा आखडू पाहतो, पण वायसरचा दाब आणि घर्षण त्याला जागचे हलू देत नाही. ताण साठत जातो. तो घर्षणाला पुरून उरला की पत्रा एकदम सरकतो, केसभरही नाही, आणि पुन्हा अडतो. त्या एका सरकण्याचा एक ठोका. मग नवा ताण आणि नवा ठोका. स्थिर वस्तूला हलवायला लागणारे बळ हलत्या वस्तूला सरकवत ठेवायला लागणाऱ्या बळापेक्षा जास्त असते, म्हणून हे सरकणे संथ न होता धक्क्याधक्क्याने होते. कोकणातल्या घराचा पत्रा ऊन उतरल्यावर खिळ्यापाशी कडकडतो, तो याच कारणाने. सरकणे सूक्ष्म असले तरी पातळ पत्र्याचा पृष्ठभाग मोठा असतो आणि तो हवेला हलवतो, म्हणून ठोका पाच-दहा फुटांवरही स्पष्ट पोहोचतो.

ठोक्यांतले अंतर का वाढत जाते, याचे उत्तर न्यूटनच्या १७०१ सालच्या निबंधापाशी नेता येते. वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितकी ती झपाट्याने निवते, असे त्याने मांडले. चारशे अंशांवरचा पाइप पहिल्या मिनिटात कितीतरी अंश गमावतो. शंभरावर आल्यावर तेवढेच अंश गमवायला त्याला बराच वेळ लागतो. एकेका ठोक्याला ठरावीक आकुंचन लागत असेल, तर ठोके विरळ होणारच. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या रात्री सुरुवातीची टिकटिक जवळपास सारखीच दाट असते, कारण चारशे अंशांपुढे बाहेरची पंचेचाळीस काय आणि दहा काय! फरक पडतो तो शेवटच्या, रेंगाळणाऱ्या ठोक्यांत.

सकाळी गार गाडी सुरू केल्यावर हेच धातू वाढतात, तेव्हाही ते अडत आणि सुटत असतात. पण तेव्हा इंजिन चालू असते आणि त्या आवाजात ठोके बुडून जातात. गाडी बंद झाली की आसपास दुसरा आवाज उरत नाही, एवढाच काय तो फरक.

सायलेन्सरची लाइन

गॅरेजमध्ये इंजिनपासून मागच्या नळकांड्यापर्यंतच्या सगळ्या पाइपाला ‘सायलेन्सर’ म्हणतात. टिकटिक ऐकायची तर मुख्य जागा हीच. पेट्रोल इंजिन घाटात जोर लावते तेव्हा सिलिंडरमधून निघणारा वायू आठशे-नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत जातो. तो प्रथम मॅनिफोल्डमध्ये येतो, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये आणि शेवटी मागच्या डब्यात. मागे जाता जाता तो निवत जातो, त्यामुळे गाडी बंद केल्यावर इंजिनपाशी ठोके दाट असतात आणि डिकीखाली विरळ.

भारतात दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला १ एप्रिल १९९५ पासून. त्याच्या पोटात चिनीमातीच्या जातीच्या पदार्थाची जाळी असते, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्यांची, आणि त्यांवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा थर. अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय हे यंत्र नीट कामाला लागत नाही, आणि एकदा लागले की आतल्या रासायनिक क्रियेने स्वतःच आणखी तापते. आतली जाळी तापमानाने जवळजवळ वाढतच नाही, बाहेरचे पोलादी कवच मात्र चांगलेच वाढते. दोघांत ताटातूट होऊ नये म्हणून मध्ये तंतूंची जाड गादी असते, जी गरम झाली की फुगते. ही गादी आवाजही गिळते, म्हणून शाबूत कन्व्हर्टर आतून फारसा वाजत नाही.

वाजते ते त्याच्यावरचे शील्ड. कन्व्हर्टरची धग गाडीच्या तळाला, पेट्रोलच्या टाकीला, केबल-वायरींना आणि जमिनीला लागू नये म्हणून त्याच्याभोवती अल्युमिनियमचा किंवा अल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पोलादाचा पातळ पत्रा बसवतात. हलका, मोठ्या आकाराचा, तीन-चार बोल्टांवर तोललेला आणि एका बाजूने भाजला जाणारा: ठोक्यांसाठी याहून सोयीची वस्तू गाडीत दुसरी नाही. कधी त्यातला फुगीर भाग निवताना एकदम उलटा दबतो आणि टिक न होता मोठा ‘टण्’ होतो. तोही आवाज निर्धोक. शील्ड वाजते म्हणून काढून टाकणारी गॅरेजे आहेत, आणि हा उपाय आवाजापेक्षा वाईट आहे. ऑक्टोबरनंतर सह्याद्रीच्या पठारांवरचे गवत वाळून कोळ होते. घाट चढून आलेली गाडी त्या उंच गवतात उभी केली तर उघड्या कन्व्हर्टरने ते पेटू शकते. शील्ड असलेल्या गाडीलाही ही जागा टाळणेच बरे.

मागचा डबा म्हणजे दुमडून आणि दाबून जोडलेले पत्रे, आत भोके पाडलेल्या नळ्या आणि आडवे पडदे. प्रत्येक सांधा ही ठोक्याची जागा. डबा रबरी कड्यांवर लटकवलेला असतो, त्यामुळे सगळी लाइन मागेपुढे व्हायला मोकळी राहते. हे रबर कडक झाले किंवा तुटले की निवताना ठोक्यांऐवजी कण्हल्यासारखा लांब आवाज येऊ लागतो. ठिबकणारे पाणीही कधीकधी याच डब्याचे असते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. इंजिन तापलेले असेल तर ते वाफ होऊन निघून जाते. बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीत ते डब्यातच साठते, आणि तिचा सायलेन्सर घाट चढणाऱ्या गाडीच्या आधी गंजून भोके पाडून घेतो.

दुचाकींत हीच गोष्ट उघड्यावर घडते. जुन्या बुलेटचे बिडाचे सिलिंडर आणि त्यावरचे अल्युमिनियमचे हेड हवेवरच निवतात, दोघांनाही पातळ पाती असतात आणि पाती वाजतात. कित्येक मोटारसायकलींत पात्यांच्या मध्ये रबराचे छोटे ठोकळे बसवलेले दिसतात. ते पात्यांची थरथर दाबण्यासाठी असतात.

बंद केल्यावर चढणारा ताप

इंजिन बंद केल्याबरोबर निवायला लागते हा समज अर्धाच खरा आहे. पाइप निवतो, इंजिनातले पाणी मात्र काही वेळ आणखी तापते. चालू इंजिनात पंप कूलंट फिरवत असतो आणि समोरून वारा येत असतो. चावी फिरवली की दोन्ही थांबतात, पण हेडमधल्या धातूत साठलेली उष्णता तिथेच असते. ती बाहेर पडायला वाट शोधत स्थिर पाण्यात उतरते. घाट चढून येऊन लगेच बंद केलेल्या इंजिनात हा चढ अधिक जाणवतो.

पंखा आपणहून फिरतो तो यामुळे. कूलंट ठरावीक मर्यादेपलीकडे, बऱ्याच गाड्यांत शंभर अंशांच्या आसपास, गेले की तो सुरू होतो, आणि ज्या गाड्यांत त्याची वीज चावीवर अवलंबून नाही, तिथे इंजिन बंद असतानाही काही सेकंद ते काही मिनिटे चालतो. सगळ्या गाड्यांत अशी सोय नसते. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा पंखा फिरतो आणि आपला फिरत नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. बॉनेट उघडून त्याच्याजवळ हात नेणे मात्र धोक्याचे, कारण थांबलेला पंखा पुन्हा कधीही सुरू होऊ शकतो.

फियाट आणि अँबॅसॅडरच्या जमान्यात हा पंखा पट्ट्यावर चाले आणि इंजिनाबरोबर थांबे. त्या काळी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे नेहमीचे दृश्य होते. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल बंद इंजिनाच्या धगीने उकळे, पेट्रोलच्या नळीत वाफ अडकून बसे, आणि गाडी पुन्हा सुरू होईना. मग पंपावर ओले फडके ठेवले जाई. याच गाड्यांची दुसरी खोड म्हणजे चावी काढल्यावरही इंजिन अडखळत, हिसके देत काही क्षण फिरत राहणे. सिलिंडरमधली काजळी निखाऱ्यासारखी लाल झालेली असे आणि प्लगची ठिणगी नसतानाही आत येणारे पेट्रोल पेटवे. इंजेक्शनच्या गाड्यांत चावी फिरताच पेट्रोलच तोडले जाते, त्यामुळे तो प्रकार उरला नाही.

गुडगुड आणि फुसफुस

कूलंटची यंत्रणा दाबाखाली असते. झाकणातली स्प्रिंग साधारण एक बारचा जादा दाब धरून ठेवते आणि त्यामुळे द्रव शंभराऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतो. इंजिन तापत जाते तसा फुगलेला कूलंट झाकणातून बाजूच्या बाटलीत जातो. निवताना आत पोकळी निर्माण होते आणि तोच कूलंट बाटलीतून परत ओढला जातो. हे जाणे-येणे कधीकधी ऐकू येते. डॅशबोर्डमागे धबधब्यासारखी गुडगुड वारंवार येत असेल, तर मात्र हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये हवा अडकलेली असते. कूलंट कमी झाल्याची ती खूण. पाणी कुठून जाते ते शोधायला हवे. गरम इंजिनाचे झाकण उघडून खात्री करून घेण्याचा मोह आवरावा. दाब सुटला की एकशे दहा अंशांवरचा द्रव तत्क्षणी वाफ होऊन अंगावर येतो.

एसीचा आवाज निराळा, लांबलचक ‘फिस्स’ असा. चालू एसीत एका बाजूला वायू पंधरा बारच्या आसपास दाबाखाली असतो आणि दुसऱ्या बाजूला दोन-तीन बारवर. कॉम्प्रेसर थांबला तरी दाबातला हा फरक मिटायला वेळ लागतो. तोवर आर-१३४ए किंवा नव्या गाड्यांतला त्याचा बदली वायू डॅशबोर्डमागच्या बारीक व्हॉल्व्हमधून झिरपत राहतो. अर्ध्या ते दोन-तीन मिनिटांत आवाज थांबतो. गाडीखाली पडणारे स्वच्छ, वास नसलेले पाणीही एसीचेच, हवेतल्या दमटपणाचे. मुंबईत किंवा गोव्यात ऑगस्टमध्ये त्याचे थारोळे साचते; सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात दोन थेंब पडतात. पाणी बोटाला चिकट किंवा गोडसर वासाचे लागले तर तो कूलंट.

ज्यांचा उष्णतेशी संबंध नाही

चावी फिरवल्यावरचे काही आवाज निवण्याचे वाटतात पण नसतात. दहा-पंधरा सेकंदांनी होणारा एकच ‘खट्’ हा मुख्य रिलेचा: संगणक आपली नोंद करून वीज तोडतो. त्याआधी बारीक गुणगुण ऐकू आली तर थ्रॉटलची किंवा एसीच्या झडपांची छोटी मोटर आपल्या मूळ जागी परतत असते. ट्रक-बसच्या चाकांपाशी होणारा जोरदार ‘फुस्स’ ब्रेकच्या हवेचा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना आणखी एक आवाज माहीत असतो. तिथल्या टोयोटा गाड्यांत इंजिन बंद केल्यावर साधारण पाच तासांनी डिकीखालचा छोटा पंप सुरू होऊन काही मिनिटे घरघरतो. पेट्रोलची वाफ टाकीतून गळते आहे का, याची ती तपासणी असते आणि टाकी पूर्ण निवलेली असावी म्हणून इतक्या उशिरा होते. कंपनीच्या माहितीपुस्तकात हे छापलेले आहे. ते कोणी वाचत नाही, आणि मग मध्यरात्री गॅरेजमध्ये काय घरघरते म्हणून दिवे लागतात.

टर्बो आणि काजळी

टर्बोच्या गाड्यांना निवण्याचे नियम थोडे कडक लावावे लागतात. टर्बोचे चाक निकासाच्या वायूवर फिरते, लहान इंजिनांत मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत, आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तोललेला असतो. इंजिन थांबले की तेलाचा पुरवठा थांबतो, चाक मात्र क्षणभर फिरत राहते. शांत जागी ती विरत जाणारी शीळ ऐकू येते. घाट चढून आल्याबरोबर चावी फिरवली तर दांड्यापाशी अडकलेले तेल भाजून त्याची काजळी होते आणि पुढे तेलाची वाट अरुंद होत जाते. म्हणून मिनिटभर इंजिन नुसते चालू ठेवावे ही जुन्या चालकांची शिस्त. कित्येक नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेवरचा पंप टर्बोभोवती कूलंट फिरवत राहतो आणि त्याची बारीक घरघर येते, पण तेवढ्याने ही शिस्त जुनी ठरत नाही. सपाट रस्त्यावरून शांतपणे घरी आलेल्या गाडीला मात्र थांबून राहायची गरज नसते. शेवटची गल्ली तिचे काम करते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी सर्रास बसू लागली. साठलेली काजळी जाळायला ही गाळणी अधूनमधून सहाशे अंशांच्या घरात तापवली जाते. नेमक्या त्या वेळी गाडी बंद झाली, तर पंखा जोरात फिरत राहतो, तळातून भाजल्याचा वास येतो आणि टिकटिक नेहमीपेक्षा दाट व लांब चालते. एखाद्या वेळी हे ठीक. रोजच होत असेल तर गाडीच्या फेऱ्या फार छोट्या पडत आहेत आणि जाळणे दर वेळी अर्धवट राहते आहे.

उताराचे चटके

पाचगणीहून वाईला उतरताना इंजिन आरामात असते, तापतात ती चाके. दोन्ही गावांच्या उंचीत साडेपाचशे ते सहाशे मीटरचा फरक आहे. दीड टनाची भरलेली गाडी तेवढी खाली येताना जी ऊर्जा सोडते, तिच्यात पंचवीस लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. यातली काही हवा आणि टायर खातात, काही इंजिन खाते, बाकी ब्रेकच्या वाट्याला येते. खालच्या गिअरमध्ये उतरलेल्या गाडीत इंजिनाचा वाटा मोठा. वरच्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर ठेवून आलेल्या गाडीत बिडाच्या डिस्क काही शे अंशांपर्यंत जातात, आणि पायथ्याला थांबल्यावर टिकटिक बॉनेटखालून न येता चाकांतून येते. पुढच्या चाकांतून जास्त, कारण थांबवण्याचा बहुतांश भार पुढे पडतो.

अशा वेळी चाकावर पाणी ओतणारे अजूनही दिसतात. तापलेले बीड एका बाजूने अचानक निवले तर डिस्क वाकडी होऊ शकते किंवा तडकू शकते. ब्रेक दाबून धरून उभे राहणेही चांगले नाही. पॅडची धग एकाच जागी बसते आणि पुढे ब्रेक लावताना पॅडल थरथरते. पायथ्याला दोन-तीन किलोमीटर सपाटीवर ब्रेक न लावता चालवणे हा सर्वांत स्वस्त उपाय, कारण वारा चारी चाकांना सारखा लागतो. एकाच चाकातून टिकटिक आणि धग येत असेल, बाकी तिन्ही गार असतील, तर तिथला कॅलिपर अडकलेला आहे.

मेकॅनिकपुढची अडचण

निवण्याच्या आवाजाची तक्रार गॅरेजमध्ये नेणे अवघड जाते, कारण गाडीचा नंबर लागेपर्यंत ती निवलेली असते. गाडी गरम असतानाच मेकॅनिकला शेजारी उभे करणे किंवा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून नेणे उपयोगी पडते. ‘आवाज येतो’ यापेक्षा ‘बंद केल्यावर दोन मिनिटांनी डाव्या बाजूने येतो’ हे वाक्य त्याचे अर्धे काम करते.

इंजिन चालू असतानाही तीच टिकटिक, वेगाबरोबर वाढणारी आणि गाडी तापल्यावर कमी होणारी, असेल तर मॅनिफोल्डचे पॅकिंग गेलेले असू शकते किंवा त्याचा बोल्ट तुटलेला. गार असताना फट उघडी राहते आणि वायू फटफटतो. धातू वाढला की फट मिटते. आयडलिंगला पत्र्याचा खुळखुळाट म्हणजे सैल शील्ड. एका मोठ्या वायसरने किंवा क्लँपने भागते. कन्व्हर्टर हाताने ठोठावल्यावर आत खडे हलल्यासारखे वाजले, तर त्याची जाळी फुटली आहे, आणि तो खर्च मोठा आहे. गाडी बंद केल्यावर कूलंटच्या बाटलीत बराच वेळ उकळी फुटत राहिली, तर झाकण, थर्मोस्टॅट आणि हेडचे पॅकिंग या क्रमाने पाहावे; स्वस्तापासून महागाकडे.

सायलेन्सर नसलेली गाडी

विजेवरच्या मोटारीत निकासाचा पाइपच नाही, त्यामुळे पाचशे अंशांवर जाणारी वस्तू नाही आणि तळातून येणारी टिकटिकही नाही. तिथे बंद करताना सीटखालून किंवा तळातून ‘खटॅक’ असा आवाज येतो: बॅटरी आणि बाकी गाडी यांच्यातला मोठा संपर्क तुटल्याचा. उतारावर मोटरच उलट वीज बनवून गाडी धरते, म्हणून डिस्क सहसा गार राहतात. अपवाद घाटमाथ्यावर शंभर टक्के चार्ज करून निघालेल्या गाडीचा. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही, ती घटेपर्यंत सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. वेगवान चार्जिंगमध्ये बॅटरी तापते आणि तिच्या कूलंटचा पंप, पंखा, कधी एसीचा कॉम्प्रेसरही जोरात चालतो. काही गाड्यांत चार्जरची नळी काढून दार लावल्यावरही पंप आणि पंखा चालू राहतात. बॅटरीचे तापमान ठरलेल्या मर्यादेत आले की ते थांबतात.